पेट्रोल की डिझेल? एका हिशेबाचा इतिहास

मंडळी, काही प्रश्नांना एक काळ असतो. "फोनचा नंबर लागला का?" हा आमच्या आई-वडिलांच्या पिढीचा. "गाडी घेतोयस? पेट्रोल की डिझेल?" हा आमच्या पिढीचा. साधारण २००० ते २०१५ या काळात ज्या कोणी मध्यमवर्गीय माणसाने गाडी घेतली, त्याला सोसायटीच्या वॉचमनपासून सासरेबुवांपर्यंत सगळ्यांनी हा प्रश्न विचारला असणार. आणि उत्तरही ठरलेलं. "रनिंग जास्त असेल तर डिझेल, नाहीतर पेट्रोल." झालं, विषय संपला.

पण या उत्तरामागे जो हिशेब आहे ना, तो मला नेहमीच गंमतीशीर वाटत आलाय. कारण वरवर पाहता तो इंजिनाचा हिशेब आहे. प्रत्यक्षात त्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा इंजिनाचा नव्हताच. तो दिल्लीत बसून कोणीतरी ठरवलेल्या दराचा होता. शनिवार-रविवार हाताशी होता, म्हणून म्हटलं जरा मुळापासून बघू.

सुरुवात अर्थातच रुडॉल्फ डिझेलसाहेबांपासून. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा जर्मन इंजिनिअर. त्याला त्या काळच्या वाफेच्या इंजिनांचा राग यायचा, कारण कोळशातली जेमतेम दहा टक्के उष्णता कामी यायची आणि बाकी सगळी धुराड्यातून वर. त्याने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन नीट चाललं. कार्यक्षमता २६ टक्के! म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. युक्ती काय, तर ठिणगी टाकायचीच नाही. हवा इतकी दाबायची की तीच लालबुंद तापते, मग त्यात तेलाचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहा पट दाबतात, डिझेलमध्ये सोळा ते वीस पट. जितका दाब जास्त, तितकं त्याच इंधनातून काम जास्त. शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे एका लिटरमध्ये ऊर्जाच दहा-बारा टक्के जास्त मावते. "डिझेल गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते" या वाक्यामागचं विज्ञान एवढंच.

आता एवढा दाब सहन करायचा तर इंजिन जाडजूड हवं, म्हणजे जड आणि महाग. त्यामुळे सुरुवातीला ते कारखान्यांत, जहाजांत आणि पुढे ट्रकमध्ये गेलं. मोटारीत यायला १९३६ साल उजाडलं. त्या वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने २६० डी ही गाडी दाखवली. ४५ अश्वशक्ती, आवाज खडखड, पण तेल कमी पिणारी. ती सगळ्यात जास्त कोणाला आवडली असेल? टॅक्सीवाल्यांना! इथेच डिझेलचा पहिला नियम ठरला. गाडीला जास्त पैसे मोजा, तेलात वाचवा, आणि ती वाचवणूक हाती यायची तर गाडी पळालीच पाहिजे. उभी असलेली डिझेल गाडी हा निव्वळ तोटा.

आपल्याकडे डिझेल आलं ते कष्टकऱ्यांचं इंजिन म्हणून. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि विहिरीवरची मोट हळूहळू जाऊन तिथे इंजिन आलं. खेडेगावात अजूनही जुनी माणसं नुसतं "इंजिन" म्हणाली की त्यांच्या डोळ्यांसमोर रेल्वे नसते, विहिरीवरचं फटफटणारं डिझेल इंजिन असतं. १९५४ पासून टेल्को डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवू लागली. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, पंप. मोटार मात्र पेट्रोलची, आणि मोटार म्हणजे साहेब.

नेमकी हीच विभागणी पुढे सरकारी धोरण बनली. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव चढवले आणि आपल्याकडे पेट्रोल एकदम कडाडलं. त्याच नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. मग ठरलं ते असं: पेट्रोल ही श्रीमंतांची चैन, त्यावर कर लावा. डिझेलवर धान्य, भाजी आणि एसटी चालते, ते महागलं तर सगळंच महागेल, म्हणून ते स्वस्त ठेवा. सत्तरीच्या दशकापासून २००२ च्या मार्चपर्यंत या वस्तूंचे दर रीतसर सरकार ठरवत होतं. १ एप्रिल २००२ ला ती व्यवस्था कागदावर संपली, पण दर वाढवायचा म्हटलं की परवानगी दिल्लीचीच.

हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण एक अडचण होती. पंपावरच्या नळीला हे कळत नाही की समोरची टाकी ट्रॅक्टरची आहे की आलिशान गाडीची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, सवलत युजरला द्यायची होती आणि दिली गेली प्रॉडक्टला. मग जो कोणी ते प्रॉडक्ट वापरेल तो युजर!

आणि माणसं हुशार असतात हो. भिंत घातली की लोक शिडी शोधतातच. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अ‍ॅम्बॅसॅडर डिझेलमध्ये आली. चाळीसपेक्षाही कमी अश्वशक्ती, घाटात मागचा ट्रक हॉर्न मारायचा, पण टॅक्सीवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. महिंद्राच्या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्याचं डिझेल इंजिन आलं आणि पश्चिम महाराष्ट्रात तिने "वडाप" नावाचा अख्खा धंदा उभा केला. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा जण, दोघे मागे लटकलेले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर तर लग्नाच्या वऱ्हाडापासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळं वाहायची. गॅरेजवाले जुन्या पेट्रोल गाडीतलं इंजिन काढून डिझेल बसवून द्यायचे. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनीसुद्धा नव्वदच्या दशकात १३७ डी नावाने डिझेल झाली. मारुतीने झेनमध्ये प्यूजोचं दीड लिटरचं इंजिन बसवलं.

मग ३० डिसेंबर १९९८ ला टाटांनी इंडिका बाजारात आणली. पिंपरीत बनलेली, १.४ लिटरचं डिझेल इंजिन, छोट्या गाडीच्या किमतीत मोठी जागा. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी बऱ्याच होत्या, २००१ मध्ये सुधारलेली व्ही२ आली आणि मग इंडिका थांबली नाही. आमच्या पिढीच्या आयटीवाल्यांचं करिअर या गाडीच्या मागच्या सीटवर झोपा काढत घडलंय! हिंजवडीच्या नाइट शिफ्टची कॅब म्हणजे इंडिका, सुमो नाहीतर क्वालिस. तिन्ही डिझेलवर. त्यात लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळे ऑफिसच्या मागे जनरेटर धडधडत असायचा, तोही डिझेलवरच. शेतकऱ्यासाठी स्वस्त ठेवलेल्या तेलावर अमेरिकेतल्या बँकांचं कोडिंग चालायचं. याला काय म्हणावं!

असो. दोन दरांत दरी ठेवली की काय होतं, याची एक काळी बाजूही आहे. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षाही कितीतरी स्वस्त होतं. त्यामुळे ते गरिबाच्या स्टोव्हऐवजी टँकरमध्ये मिसळलं जायचं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हा भेसळीचा प्रकार पकडायला गेले आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. एका लिटरमागच्या काही रुपयांच्या फरकासाठी माणसाचा जीव गेला. तेलाच्या दराची चर्चा नुसत्या एक्सेल शीटची नसते, ती यासाठी.

एक्सेलवरून आठवलं. २०११-१२ च्या सुमारास आमच्या ऑफिसात प्रत्येक टीमकडे "पेट्रोल विरुद्ध डिझेल" नावाची एक शीट होती. कोणी बनवली देव जाणे, पण फिरत फिरत सगळ्यांकडे यायची. त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन. २००३ मध्ये युरोपात आलेलं हे छोटं इंजिन कॉमन रेल तंत्राचं होतं, म्हणजे तेल प्रचंड दाबाने आणि एका स्फोटामागे अनेक छोट्या फवाऱ्यांत आत जायचं. त्यामुळे धूर कमी, आवाज कमी, आणि गाडी चक्क पळायची. जानेवारी २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं. पुढे डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंतो, लिनिया अशा इतक्या गाड्यांत ते बसलं की लोक त्याला "राष्ट्रीय इंजिन" म्हणू लागले. मानेसरला बनायचं आणि आपल्या रांजणगावलाही. डिझेल गाडी म्हणजे खटारा, हा समज तिथे संपला.

दुसरं कारण दराचं. २५ जून २०१० ला सरकारने पेट्रोलचा दर बाजारावर सोडला, डिझेलचा मात्र धरून ठेवला. पेट्रोल चढत गेलं आणि दरी रुंदावत गेली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे! लिटरमागे ३२ रुपयांचा फरक. (मुंबई-पुण्यात स्थानिक करांमुळे आकडे वेगळे, पण चित्र तेच.) तेव्हा विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास गाड्या डिझेलच्या होत्या, त्यात नवल नाही.

आता आपण तो हिशेब स्वतः करू. सोयीसाठी धरून चालू की एकाच गाडीचं पेट्रोल मॉडेल लिटरला १५ किलोमीटर देतं आणि डिझेल मॉडेल २०. डिझेल गाडी १ लाख रुपयांनी महाग. मे २०१२ च्या दराने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ८८ पैसे, डिझेलचा २ रुपये ५ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे २ रुपये ८३ पैसे वाचले. लाखभर रुपये वसूल व्हायला सुमारे ३५,३०० किलोमीटर. वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्या नोकरदाराला साडेतीन वर्षं, आणि वर्षाला ४५,००० चालवणाऱ्या टॅक्सीवाल्याला दहा महिनेसुद्धा नाहीत. झकास सौदा!

पण आता शीटमध्ये नसलेला एक कॉलम वाढवू. समजा, त्या दिवशी डिझेलचा दरही पेट्रोलइतकाच ७३ रुपये १८ पैसे असता तर? मग डिझेल गाडीचा खर्च किलोमीटरला ३ रुपये ६६ पैसे झाला असता आणि वाचवणूक उरली असती १ रुपया २२ पैसे. म्हणजेच त्या २ रुपये ८३ पैशांतले १ रुपया २२ पैसे रुडॉल्फसाहेबांचे आणि १ रुपया ६१ पैसे सरकारचे. निम्म्याहून जास्त बचत इंजिन करतच नव्हतं! डिझेल गाडी घेणारा माणूस नकळत एक पैज लावत होता की, पुढची सात-आठ वर्षं सरकार ही दरी अशीच ठेवेल.

आणि ते १ रुपया ६१ पैसे येत कुठून होते? २०१२-१३ या एका वर्षात नुसत्या डिझेलवर तेल कंपन्यांची तूट ९२ हजार कोटी रुपयांच्या घरात गेली होती. ती भरून काढणार सरकार, म्हणजे आपणच. पुढे सरकारने देशभर पाहणी करून घेतली की पंपावरचं डिझेल जातं कुठे. २०१४ च्या जानेवारीत निकाल आला. शेतीला साधारण १३ टक्के. आणि खाजगी गाड्यांना? तेही साधारण १३ टक्केच! ज्याच्या नावाने सवलत होती, त्याच्या बरोबरीने गाडीवाले पंक्तीला बसले होते.

याहून वाईट गोष्ट जानेवारी २०१३ ची. त्या महिन्यात सरकारने पंपावरचं डिझेल दरमहा ५० पैशांच्या आसपास वाढवत न्यायला परवानगी दिली, पण घाऊक खरेदीदारांना ताबडतोब बाजारभाव लावला. आता घाऊक खरेदीदार कोण? रेल्वे, आणि राज्यांची एसटी महामंडळं! त्यांना लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त मोजावे लागले. परिणाम असा की अनेक राज्यांच्या बसगाड्या स्वतःच्या डेपोतला पंप सोडून रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या. पन्नास प्रवाशांची बस महाग तेल घेणार आणि तिच्याशेजारी एकटा माणूस बसलेली एसयूव्ही स्वस्त. ज्या एसटीसाठी हे सगळं सुरू झालं होतं, तिलाच आधी बाहेर काढलं.

पण त्या ५० पैशांनी काम केलं. थेंबे थेंबे तळे साचे तसं ते साचत गेलं आणि त्यात २०१४ मध्ये कच्चं तेल कोसळलं. १८ ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचाही दर बाजारावर सोडण्यात आला. एवढ्यावरच थांबलं नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने डिझेलवरचा अबकारी कर लिटरला ३ रुपये ५६ पैशांवरून १७ रुपये ३३ पैशांवर नेला. कालपर्यंत ज्याला पोसलं, त्याच्याकडूनच आता वसुली.

त्याच सुमारास धुराचाही हिशेब आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. एप्रिल २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेत प्रदूषण चाचणीत सॉफ्टवेअरची लबाडी केल्याचं उघड झालं. (चाचणी चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारा कोड! आमच्या धंद्याची अशी जाहिरात व्हायला नको होती.) २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिल्लीची दहा वर्षांची मर्यादा उचलून धरली. २०२५ मध्ये तो विषय पुन्हा न्यायालयात आला, पण गाडी घेणाऱ्याच्या मनातली पाल तोवर चुकचुकून गेली होती.

मग १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. त्यासाठी डिझेल गाडीला धुराची काजळी अडवणारा फिल्टर आणि इतर यंत्रणा लागली, म्हणजे किंमत आणखी वर. हा फिल्टर हायवेवर गरम होऊन स्वतःला साफ करतो. शहरात रोज चार किलोमीटर रखडणाऱ्या गाडीत मात्र तो तुंबतो. छोट्या डिझेल गाडीचं गणित बसेना. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने, मारुतीने, त्याच दिवसापासून डिझेल गाड्या बंद केल्या, आणि "राष्ट्रीय इंजिन"ही निवृत्त झालं.

आणि शेवटचा खिळा २४ जून २०२० चा. दिल्ली सरकारने मे महिन्यात व्हॅट वाढवला होता. त्या दिवशी दिल्लीत पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसे आणि डिझेल ७९ रुपये ८८ पैसे. डिझेल पेट्रोलपेक्षा महाग! (जुलैअखेर व्हॅट कमी झाला आणि डिझेल पुन्हा खाली आलं, पण ३२ रुपयांची दरी काही परत आली नाही.) आता तोच हिशेब पुन्हा करा. १५ आणि २० चंच अ‍ॅव्हरेज, पण गाड्यांच्या किमतीतला फरक दीड लाख धरा. वाचवणूक किलोमीटरला १ रुपया ३२ पैसे. वसुलीला सुमारे १ लाख १३ हजार किलोमीटर. वर्षाला १०,००० चालवणाऱ्याला अकरा वर्षांहून जास्त, आणि तेव्हा दिल्लीत डिझेल गाडीचं आयुष्य दहा! बरं, त्या दीड लाखावर १० टक्क्यांनी कर्ज काढलं असेल तर पहिल्या वर्षीचं व्याज १५,००० च्या घरात आणि तेलातली बचत १३,२००. मुद्दल राहू दे, व्याजसुद्धा निघत नाही. टॅक्सीवाल्याला मात्र अडीच वर्षांत गाडी वसूल. १९३६ चा नियम अजून तसाच आहे: जो पळतो, त्याचं डिझेल.

मला या सगळ्या गोष्टीत डिझेलला दोष द्यावासा वाटत नाही. रुडॉल्फसाहेबांच्या १ रुपया २२ पैशांनी कधीच कोणाला फसवलं नाही. ते १९३६ मध्ये होते, २०१२ मध्ये होते, आजही आहेत. ट्रक आणि ट्रॅक्टर उगाच त्यावर चालत नाहीत. बेभरवशाचे होते ते दुसरे १ रुपया ६१ पैसे. ते कोणाच्या तरी सहीने आले आणि सहीनेच गेले.

आता "पेट्रोल की डिझेल" मागे पडलं आणि "सीएनजी घेऊ की इलेक्ट्रिक?" सुरू झालंय. शीट तीच, फक्त कॉलमची नावं बदललीत. २०२१-२२ मध्ये सीएनजीचे दर भराभर चढले तेव्हा बऱ्याच जणांना हे जाणवलंही असेल. म्हणून एक सुचवतो. शीट उघडाल तेव्हा बचतीच्या कॉलमचे दोन भाग करा: एक यंत्राची बचत आणि दुसरी कर, सवलत, दर यांची. नुसत्या पहिल्या कॉलमवर गाडी वसूल होत असेल तर खुशाल घ्या. दुसऱ्या कॉलमशिवाय होत नसेल तर निदान एवढं लक्षात ठेवा की, तुम्ही गाडीबरोबर एक सरकारी धोरणही विकत घेताय, आणि त्याला वॉरंटी नसते.

बघा पटतंय का. पुढच्या शनिवारी भेटूच.